फरक

दादांचा पगार झाला की आई तो आधी देवापुढे ठेवी आणि मग वहीपुढे. देवापुढे पाकीट घटकाभर राही. वहीपुढे मात्र, रात्रीची जेवणं उरकून भांडी पालथी पडली की, तासभर बैठक चाले. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात पत्र्याचे सात डबे होते. एक चहाचा, दोन बिस्किटांचे, एक धाकट्या भावाच्या दुधाच्या पावडरीचा. बाकीचे कुठून आले ते आता कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येकावर खळीनं चिकटवलेली चिठ्ठी : भाडं, वाणी, दूध, फी, दवाखाना, येणंजाणं. सातव्यावर नुसतं ‘हात’. हात म्हणजे हातशिल्लक, अडीनडीला हाताशी असावेत ते पैसे. नोटा मोजून एकेका डब्यात जात, झाकणं दाबून बसवली जात, आणि अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून मी ओळखायची की आता वाण्याचा डबा झाला, आता फीचा. येणंजाण्याच्या डब्याचं झाकण सैल होतं. त्याचा आवाजच होत नसे.

आम्ही सोलापूरचे. दोन खोल्यांचं भाड्याचं घर आणि आजी, दादा, आई, भाऊ आणि मी अशी पाच माणसं. दादा, म्हणजे माझे वडील, एका शाळेत कारकून होते. पगार झाला तर एक तारखेला, नाहीतर अनुदान येईल तेव्हा. महिना लांबला की आईचं पान तसंच पुढे वाढत जाई, छत्तीस दिवसांचा महिनाही तिच्या वहीत सापडतो.

ही वही विकतची नसे. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की आमच्या वह्यांतली कोरी पानं आई हलक्या हातानं सोडवून घेई. माझ्या गणिताच्या वहीतली चौकटींची, मराठीची एकेरी, भावाच्या इंग्रजीची चार रेघी. वाण्याच्या पुड्यांचा दोरा ती वर्षभर एका कांडीवर गुंडाळत आलेली असे. तोच दोरा दाभणात ओवून पानं शिवली जात आणि वर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं घालून वेष्टण चढे. त्यामुळे आमच्या घरच्या जमाखर्चाला एका मापाचा कागद कधी मिळाला नाही. एखाद्या जूनमधलं रॉकेल चौकटींत बसलेलं असतं आणि जुलैतली तूरडाळ चार रेघांत उभी असते. काही पानांच्या कडेला बाईंची लाल शाईतली सहीही आहे.

1972 ते 2012 अशी चाळीस वर्षं आईनं हे लिहिलं. काही वह्या वाळवीनं नेल्या, काही पावसाळ्यात भिजून लगदा झाल्या, काहींना कसर लागली. चौतीस उरल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या सगळ्या मी पुण्याला आणल्या आणि पंख्याखाली पसरून वाचायला बसले. जमाखर्च सलग वाचायची सवय आपल्याला नसते. पहिले दोन दिवस नुसते आकडे दिसले. तिसऱ्या दिवशी आकड्यांमागे घर दिसायला लागलं.

डाव्या हाताला जमा. तिथं पगार तर आहेच, पण त्याच्या खाली ‘रद्दी 3.20’, ‘बाटल्या 0.90’, ‘ब्लाउज शिवून 6.00’, ‘भिशी लागली 110.00’ अशा बारीक ओळी आहेत. ब्लाउज शिवून आलेले पैसे आई दादांच्या पगाराच्या आकड्यात मिसळत नसे. वेगळी ओळ घालून लिही. उजव्या हाताला खर्च. दुधाचा रतीब, दळण, भाजी, मीठ, बसभाडं, आजीचं औषध. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे टिंबांनी मांडलेले असत आणि महिन्याच्या शेवटी ती टिंबं मोजून वजा केल्याशिवाय दूधवाल्याचा हिशेब पुरा होत नसे. खाडा पडला त्या सकाळी काय झालं होतं तेही मला कित्येकदा आठवतं. एकदा म्हैस आटली होती, एकदा आम्ही सगळे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो.

वाण्याच्या यादीला मात्र स्वतंत्र पान. यादी आई दोन हातांनी करायची. पहिल्या हाताला घरात काय काय हवं ते सगळं मोकळेपणी लिहायचं : तूरडाळ चार किलो, हरभराडाळ एक, मटकी अर्धा, शेंगदाणे दोन किलो, गोडेतेल तीन किलो, साखर, गूळ, चहा, खोबरं, हिंगाचा खडा, अंगाचे साबण, कपड्यांच्या साबणाच्या वड्या, काडेपेट्या, उदबत्ती. मग ती डोळे मिटून थोडा वेळ बसे. दुसऱ्या हाताला पेन्सिल घेऊन यादीवरून खाली उतरे आणि आकडे कमी करी. खोबरं पावशेरचं अदपाव होई. साबण तिनाचे दोन. चहा, उदबत्ती, साखर इथं तिची पेन्सिल थांबे. डाळीला, शेंगदाण्याला आणि आजीच्या औषधाला ती कधी लागली नाही. चौतीस वह्यांत मी शोधलं, एकदाही नाही. डब्यात शेंगाचटणी असली की कोरड्या भाकरीचंही जेवण होतं, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

पावशेर, अदपाव हे शब्द आजीमुळे टिकले होते. मेट्रिक वजनं 1962 पर्यंत सगळीकडे सक्तीची झाली, पण आजीच्या तोंडून शेर गेला नाही. जुना शेर साधारण 933 ग्रॅमचा. म्हणजे खरा पावशेर 233 ग्रॅम भरायचा. दुकानदार अडीचशे ग्रॅम देई आणि आजी त्याला पावशेर म्हणून मोजून घेई. तेवढंच चिमूटभर जास्त मिळतं, या समाधानात ती असायची.

वर्षात एक महिना असा येई की सगळे डबे हलके होत. तो मार्च-एप्रिलचा, वर्षाच्या धान्याचा. रब्बीची ज्वारी बाजारात आली की दादा सायकल घेऊन आडतीवर जात, तळहातावर दाणे घेऊन येत, आई ते दाताखाली धरून बघे. मालदांडीच हवी, टपोऱ्या पांढऱ्या दाण्याची, जिची भाकरी तव्यावर टम्म फुगते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. चार पोती लागायची. त्या वेळच्या भावानं चार पोत्यांची किंमत दादांच्या एका पगाराहून थोडी जास्तच होई. एका महिन्याच्या पगारातून एक पगारभर धान्य घ्यायचं आणि त्याच महिन्यात भाडं, दूध, फीही द्यायची, हे गणित दिवाळीपासूनच मांडलेलं असे. दिवाळी संपली की ‘हात’च्या डब्यातून दर महिन्याला काही रुपये पोस्टात जात आणि वहीत त्यांच्यापुढे ‘जोंधळा’ असं लिहिलेलं असे. नोव्हेंबरच्या पानावरचा जोंधळा एप्रिलमध्ये पोत्यांतून घरी येई. मग गच्चीवर उन्हं देणं, कडुलिंबाचा पाला घालून पिंपं भरणं, गव्हाला एरंडेल चोळणं. हाताला एरंडेलाचा वास दोन दिवस राहायचा. पिंपाचं झाकण लागलं की आजी म्हणायची, “आता वर्षाची चिंता नाही.” आई काही म्हणत नसे. ती वहीत ‘जोंधळा पुरा’ असं लिहून खाली दुहेरी रेघ ओढायची. तिच्या साऱ्या वह्यांत अशी दुहेरी रेघ फक्त त्या एका ओळीखाली आहे.

पहिली वही ऑक्टोबर 1972 पासून आहे. महाराष्ट्रात दुष्काळ पडला होता आणि सोलापूर जिल्ह्याला त्याची झळ जबर बसली होती. मी दोन वर्षांची होते. त्या वहीत जोंधळ्याची ओळच नाही. आहे ती ‘मिलो’. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळे. तिची भाकरी थापताना कडा फाटत, असं आई नंतर सांगायची. आधी आई हिशेब तोंडीच ठेवत असे. दुष्काळात भाव दर आठवड्याला बदलायला लागले, तोंडी हिशेब पुरेना, म्हणून तिनं लिहायला घेतलं. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आई कधी मोर्चात गेली नाही. पण तेल कालपेक्षा आज किती आण्यांनी चढलं हे त्या बायकांना जसं तोंडपाठ होतं, तसंच तिलाही होतं. आणि तिनं तर ते लिहून ठेवलेलं होतं.

1980 च्या वहीत साखरेभोवती पेन्सिलीचा गोल आहे. सरकारनं ऑगस्ट 1978 मध्ये साखरेवरचं नियंत्रण उठवलं, डिसेंबर 1979 मध्ये ते पुन्हा आणलं आणि 1980 साली साखर कडाडली. हे मी मोठेपणी वाचलं. त्या वेळी मला एवढंच कळलं होतं की आमच्या चहाचा रंग बदलला. आईनं गूळ वाढवला होता. दादांना गुळाचा चहा सोसत नसे. त्यांच्या कपापुरती साखर एका छोट्या डबीत वेगळी होती. आमच्या घरातला बडा खर्च कोणता आणि छोटा कोणता, हे त्या डबीएवढं स्पष्ट मला दुसऱ्या कशानं कळलं नाही.

वर्षातून एक-दोनदा घरात ‘फरक’ येई. नोकरदारांच्या घरात हा शब्द सणासारखा उच्चारतात. महागाई भत्ता वाढायचा, पण सरकारी आदेश निघून पैसे हातात पडेपर्यंत महिने उलटायचे. मग मागच्या महिन्यांचे एकदम मिळत. तो भत्त्याचा फरक. त्यावर आमचे गणवेश, आजीचा चष्मा, एकदा शिलाईमशीन. पुढे मी वाचलं की हा भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेला असतो आणि त्यासाठी देशातल्या ज्या निवडक गावांच्या बाजारांतून भाव टिपले जातात त्यात, इथल्या कापडगिरण्यांमुळे, सोलापूर फार पूर्वीपासून आहे. म्हणजे आई ज्या बाजारात पिशवी घेऊन फिरायची, तिथल्याच तेलाचे आणि डाळीचे भाव कुणीतरी टिपून नेत होतं, देशभरच्या आकड्यांत ते मिसळत होते आणि काही महिन्यांनी दादांच्या पाकिटात परत येत होते. आईच्या वहीला हे ठाऊक नव्हतं. पण जमेच्या बाजूला ‘फरक’ लिहिताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं झालेलं आहे.

तिच्या वहीत दुसराही एक फरक होता. तो प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या ओळीत येई.

महिनाअखेरची रात्र मला लख्ख आठवते. चटईवर डबे उलटे केले जात. पाच पैशांची चौकोनी नाणी, दहा पैशांची कंगोऱ्यांची, चाराणे, आठाणे, असे ढीग लावायचं काम माझं. भावाकडे नोटा सरळ करायचं. आई वहीतली शिल्लक काढे, मी डब्यांतली सांगे. दोन्ही आकडे एक आले की ती वही मिटून कपाळाला लावे. सहसा ते एक येत नसत.

मी अकरा वर्षांची असेन. एका रात्री एक रुपया पस्तीस पैसे कमी भरले. भाजी आठवली, मीठ आठवलं, आजीला देवळात द्यायला दिलेले दहा पैसे आठवले, तरी एक रुपया पस्तीस काही सापडेना. मला झोप आली होती. मी म्हटलं, “आई, किरकोळमध्ये टाक ना.” वहीत किरकोळ नावाची ओळ होतीच, सुई-दोरा, टाचणी, शिसपेन्सिल असलं त्यात जायचं.

आईनं पेन खाली ठेवलं. “किरकोळ म्हणजे काय घेतलं ते ठाऊक असतं, लिहायला नको इतकं बारीक असतं एवढंच,” ती म्हणाली. “हे कुठं गेलं ते आपल्याला ठाऊकच नाही. ठाऊक नाही त्याला दुसरं नाव द्यायचं नसतं.” आणि तिनं शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘फरक 1.35’. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “हिशेब जुळावा लागतो गं. जुळवायचा नसतो.”

जुळणं आणि जुळवणं. व्याकरणाच्या तासाला प्रयोजक क्रियापदं शिकताना बाईंनी हसणं-हसवणं, बसणं-बसवणं अशी उदाहरणं फळ्यावर लिहिली होती. मी वहीत मनानं एक जास्त लिहून घेतलं.

पैसे जास्त भरले तरी तो फरकच असे. एकदा दोन रुपये दहा पैसे जास्त निघाले. मला आणि भावाला आनंद झाला. आमच्या डोळ्यांपुढे गाडीवरची कुल्फी होती. आई मात्र त्या रात्री नीट झोपली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन तापलेलं असताना, मला घेऊन वाण्याकडे गेली. त्याच्या लांब लाल वहीतलं आमचं पान आणि तिची यादी शेजारी ठेवून बोटानं ओळ न् ओळ जुळवली. खोबरं दुकानदार अण्णांनी आमच्या नावावर चढवलंच नव्हतं. आईनं पदराची गाठ सोडून दोन रुपये दहा पैसे गादीवर ठेवले.

“वहिनी, एवढ्यासाठी उन्हाच्या आलात?” अण्णा म्हणाले.

“रात्रभर तुमचे पैसे माझ्या घरात होते,” आई म्हणाली.

परत येताना तिनं मला कुल्फी घेऊन दिली. ती तिनं संध्याकाळी लिहिली, ‘कुल्फी 0.40’. किरकोळमध्ये टाकली नाही.

काटकसर हा शब्द आता कानावर पडला की मला त्या दुपारचं ऊन आठवतं. काटकसर म्हणजे कमी खर्च करणं असं आपण धरून चालतो, पण कमी खर्च तर कंजूषही करतो. कंजूष माणसाची नजर पैशावर असते. आईची नजर वस्तूवर असे : ही कुणासाठी, किती पुरेल, कुणाच्या वाट्याचं कमी पडेल. चहात साखर कमी पडली तर ती कुणाच्या कपातून कमी झाली, हे तिला ठाऊक असे, आणि बहुतेक वेळा तो कप तिचाच असे. ही गोष्ट वहीत कुठंही लिहिलेली नाही. ती मला यादीतल्या खोडलेल्या आकड्यांवरून आता कळते.

सरकारही अशी वही ठेवतं. घराघरांत जाऊन कुटुंबांचा उपभोग खर्च विचारला जातो. 2023-24 च्या पाहणीत माणशी मासिक खर्च गावांत सरासरी 4,122 रुपये आणि शहरांत 6,996 रुपये निघाला. त्यातला खाण्यापिण्यावरचा गावांत जवळपास 47 टक्के, शहरांत 40 टक्के. आईच्या 1980 च्या पानांवर बेरीज केली तर पगारातल्या रुपयामागे साठ-पासष्ट पैसे पोटालाच लागत होते. पण या पाहणीतली मला सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट आकड्यांची नाही, प्रश्नांची आहे. भाजी, फळं, तेल, मसाले यांचा खर्च गेल्या 7 दिवसांचा विचारतात. धान्य, डाळी, दूध, साखर यांचा 30 दिवसांचा. कपडे, चपला, फी, घरातल्या टिकाऊ वस्तू यांचा 365 दिवसांचा. प्रत्येक वस्तूची आठवण माणसाजवळ किती दिवस राहते, याचा अंदाज त्या प्रश्नांत आहे. कोथिंबिरीची जुडी आठवडाभर आठवते, जोंधळ्याचं पोतं महिनाभर, लग्नातली साडी वर्षभर. हिशेब पैशांचा असला तरी तो उभा असतो तो आठवणीच्या पायावर. आई याच पायावर रोज रात्री उभी राहायची आणि पाय कुठं घसरला तेही लिहून ठेवायची.

माझ्या संसारात वही नव्हती. आम्ही दोघं मिळवते, पुण्यात स्वतःचं घर, त्याचा हप्ता बँकेतून आपोआप जाणारा. भाजीवालीकडेही आता चौकोनी खुणांचा कागद लटकतो; फोन धरला की पैसे गेले. महिन्याच्या शेवटी फोन सगळं सांगतो, कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी, कुणाला किती. त्याच्या हिशेबात फरक कधीच पडत नाही. मी एकदा मागच्या वर्षीच्या एका महिन्याची ती यादी बसून वाचली. 14 तारखेला संध्याकाळी कुणा एका दुकानदाराला 260 रुपये दिलेले. काय घेतलं? कुणासाठी? त्या दिवशी घरी कुणी आलं होतं का? फोनला रक्कम पैशापर्यंत ठाऊक होती आणि मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईच्या 1981 च्या पानावर ‘कुल्फी 0.40’ वाचलं की त्या गाडीची घंटा ऐकू येते. माझ्या 260 रुपयांतून काही ऐकू येत नाही.

आता आईच्या शेवटच्या वह्यांकडे यायला हवं. इतका वेळ मी त्या बाजूला ठेवल्या होत्या, वाचतानाही आणि लिहितानाही.

दादा 2001 मध्ये गेले. आजी त्याआधीच. भाऊ हैदराबादला. आई सोलापूरच्या घरात एकटी राहायची आणि पेन्शनचे पैसे त्याच सात डब्यांत वाटायची. फीचा डबा मोकळा झाला तेव्हा त्यावर तिनं ‘नातवंडं’ अशी चिठ्ठी डकवली. कागद आता मुलांच्या वह्यांचा नसे, पण दोरा होता. मी दिवाळीला आणि उन्हाळ्यात जायची. वही कोनाड्यात असे, हाताच्या अंतरावर. मी ती कधी उघडली नाही.

2004 पर्यंत महिन्याचा फरक दोन-तीन रुपयांच्या वर जात नाही. 2006 मध्ये तो वीस होतो, चाळीस होतो. 2008 च्या पावसाळ्यात दूधवाल्याला एकाच आठवड्यात दोनदा पैसे दिलेले दिसतात. दुसऱ्या ओळीवर नंतर वेगळ्या शाईत लिहिलंय, ‘त्यांनी परत आणून दिले’. बेरजा चुकायला लागतात, खोडून पुन्हा केलेल्या असतात, पुन्हा चुकतात. वाण्याच्या यादीत हिंगाचा खडा तीन महिने सलग आहे. हिंगाचा खडा आमच्या घरी वर्ष-वर्ष पुरायचा. आणि डिसेंबर 2009 च्या शेवटच्या ओळीत, सदतीस वर्षांत पहिल्यांदा, आकड्यापुढे शब्द येतात : ‘फरक 340. आठवत नाही.’

डॉक्टरांकडे आम्ही तिला 2011 मध्ये नेलं. स्मृतिभ्रंश, सुरुवात दोन-तीन वर्षांपूर्वी झाली असावी, असं त्यांनी सांगितलं. आम्हाला धक्का बसला. आईला तेव्हा काय वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं नव्हतं. आता वह्या वाचून कळतं. तिला हे आधीपासून ठाऊक होतं. आपली आठवण महिन्याला किती रुपयांनी कमी होतेय, याचा हिशेब ती ठेवत आली होती. फरक झाकायला एक ओळ पुरली असती. किरकोळ 340 असं लिहिलं असतं तर वही चोख जुळली असती आणि कुणाला कधी पत्ता लागला नसता. तिनं तसं केलं नाही. स्वतःच्या विसरण्यालाही तिनं दुसरं नाव दिलं नाही.

मी तेव्हा एखादं पान उलटलं असतं तर आजार बरा झाला नसता. पण त्या रात्री, आकडे एक येत नाहीत म्हणून ती चटईवर एकटी बसलेली असताना, समोर ढीग लावायला कुणीतरी असतं. हे मला माझ्या खर्चाच्या बाजूला लिहावं लागेल.

शेवटचं पान मार्च 2012 चं आहे. अक्षर ओळ सोडून चाललेलं. तरी शेवटी शिल्लक काढलेली आहे : 412. आई गेल्यानंतर कोनाड्यातले डबे तसेच बांधून ठेवले होते. वह्या वाचून संपल्या तेव्हा मी ते उघडले आणि लहानपणीसारखे जमिनीवर ढीग लावले. सहा डबे रिकामे होते. ‘हात’मध्ये नोटा आणि नाणी मिळून 431 रुपये निघाले, आणि तळाशी नऊ चाराणे. चाराण्याचं चलन 30 जून 2011 पासून बंद झालं. आईचं शेवटचं पान त्याच्या नंतरचं आहे. ती तरीही ते मोजत असणार. कुणीतरी तिला ते पैसे म्हणूनच दिले होते.

मीही ते मोजले. 433 रुपये 25 पैसे. म्हणजे 21 रुपये 25 पैसे जास्त.

जास्त निघालेले पैसे कुणाचे तरी असतात. त्या महिन्यात कुणी भाजीवालीनं सुटे जास्त दिले असतील, किंवा कुणाचं देणं तिच्या हातून राहून गेलं असेल, किंवा बेरीजच चुकली असेल. दुपारच्या उन्हात वही घेऊन ज्याच्या दारात जावं, असं आता तिथं कुणी उरलेलं नाही. वाण्याचं दुकान जाऊन तिथं मोबाईलचं दुकान आलंय.

मी आईचं पेन शोधलं, मिळालं नाही. मुलीच्या जुन्या कंपासातली पेन्सिल घेतली. आईच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती. तिथं तिच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न न करता, माझ्याच अक्षरात लिहिलं : ‘फरक 21.25 जास्त. आठवणारं कुणी नाही.’ मग पैसे परत डब्यात घातले, झाकण दाबून बसवलं, आणि खूप वर्षांनी तो आवाज ऐकला.